कालनिर्णयच्या चौकोनातल्या वेळा

पत्र थोडक्यात असं: ‘आई ७९ वर्षांची. दीड वर्षापासून पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात आहे. गेले ३ आठवडे म्हणते, रात्री कुणीतरी खोलीत येतं, कपाट उघडतं. कालनिर्णयच्या चौकोनांत वेळासुद्धा लिहिते. मॅनेजर म्हणाले, वयाने भास होतात, रात्रीची गोळी सुरू केलीय. आता ती सकाळी दहापर्यंत झोपते, फोनवर बोलतही नाही. (पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होती.) तिला कसं समजावू? – एक मुलगी, ठाणे’

ताई, कंसातलं वाक्य मी चारदा वाचलं. ऑपरेटरने जोडून दिलेल्या परगावच्या फोनचं, म्हणजे ट्रंक कॉलचं, बिल ३-३ मिनिटांच्या हिशेबाने व्हायचं. कॉल कधी लागला, कधी तुटला, हे टिपण्यात त्या बाईची अख्खी नोकरी सरली. ती आज दुधाच्या हिशेबाच्या जागी वेळा लिहितेय, आणि तुमच्या पत्रात त्यातली एकही नाही. वाचल्याच नाहीत ना?

मॅनेजरना विचारलंत. शेजारच्या खोलीतल्या आजींना नाही, आईला तर नाहीच. तिला फक्त समजवायचंय!

स्मृतिभ्रंश बहुतेकदा हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत जातो. ३ आठवड्यांत माणूस बदललं तर आधी लघवी तपासतात, औषधं बघतात. म्हातारपणी साध्या संसर्गानेही माणूस भरकटतं, आणि उपचाराने सावरतं. इथे तपासलं कुणी? गोळी डॉक्टरांनी लिहून दिली की मॅनेजरनी? तिचं नाव काय? परस्पर बंद करू नका, पण स्ट्रिपचा फोटो तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

रात्री खरंच कुणी येतं का, ते इथे बसून मी सांगू शकत नाही. रात्रपाळीची बाई अंथरूण ओलं झालंय का बघायला येत असेल. मग आईला तसं सांगायला तिचं काय जात होतं? आणि कपाट कशाला?

या शनिवारी जा. आधी फोन करू नका. दुपारीच पोचा, आणि रात्री आईच्या खोलीत सतरंजी टाकून झोपा. राहू देत नाहीत म्हणाले तर नियम लेखी मागा आणि तिथूनच १४५६७ लावा. ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, पण रात्री ८ नंतर कुणी उचलत नाही, म्हणून दुपारी म्हटलं.

दार वाजलं तर लगेच दिवा लावू नका. आधी घड्याळ बघा, आणि आईच्या अक्षराखाली तुमच्या अक्षरात वेळ लिहा.