गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, मग अमेरिकेत वर्णाचा प्रश्न अजून का पेटतो?

तुम्ही विचारलंय की दीडशेहून अधिक वर्षं उलटली, तरी तिथले लोक हे सगळं मागे टाकून पुढे का जात नाहीत. माझ्या मते १८६५ नंतर जे घडलं त्याचा निवाडा कधी झालाच नाही, म्हणून. लुइझियाना राज्यातल्या एका गावाचंच उदाहरण देते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलफॅक्स गावात हत्याकांड झालं. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत राज्यपालपदावर दोन्ही पक्षांनी दावा सांगितला होता. काळे रिपब्लिकन (गुलामगिरी संपवणारा पक्ष तेव्हा हाच) कोर्टाची इमारत धरून बसले होते. गोऱ्यांचा सशस्त्र जमाव तोफ घेऊन आला, त्याने इमारतीला आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि शरण आलेल्यांना रात्री ठार केलं. किती काळे मेले याचा आकडा आजही ठरलेला नाही. अंदाज साठापासून दीडशेपर्यंत जातात. गोरे मेले तीन.

केंद्र सरकारने ९७ जणांवर आरोप ठेवले. दोषी ठरले तिघेच, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडून दिले. म्हणे, सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी माणसांना नाही. आता दाद मागायची ती राज्याकडे, आणि राज्य तर अशाच जमावांच्या बाजूच्या लोकांच्या हाती चाललेलं! पुढच्याच वर्षी केंद्राच्या सैन्याने लुइझियानाच्या रिपब्लिकन सरकारमागचा हात काढून घेतला.

मग स्मारकं उभी राहिली. मेलेल्या तीन गोऱ्यांसाठी १९२१ मध्ये स्मशानात स्तंभ बांधला. ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले, असं त्यावर कोरलंय. पुढे १९५० च्या सुमारास राज्याने अधिकृत फलक लावला. त्यात हत्याकांडाला 'दंगल' म्हटलं होतं आणि तिने दक्षिणेतला गैरकारभार संपवला, असा गौरव होता. तो फलक २०२१ मध्ये निघाला. तिथे वाढलेल्या काळ्या मुलांनी आपल्या पणजोबांच्या खुनाची ही सरकारी हकीकत वाचत शाळेत जायचं आणि मोठेपणी 'झालं गेलं विसरा' हे ऐकून घ्यायचं, हे मला तरी पटत नाही.

पण फलक उतरवता येतो. कायद्यात मुरलेलं काढणं फार अवघड. गोऱ्यांचं वर्चस्व कायम करायचं, असं उघड बोलून लुइझियानाने १८९८ मध्ये नवी घटना केली. मतदानाला साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली आणि ज्यांचे बाप-आजे १८६७ च्या आधी मतदार होते त्यांना सूट दिली. सूट कोणाला मिळाली हे सांगायला नको. राज्यात १८९६ मध्ये १,३०,००० हून अधिक काळे मतदार होते, १९०४ मध्ये उरले १,३४२.

त्याच घटनेत ज्यूरीचा, म्हणजे आरोपी दोषी की नाही हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांचा, नियमही बदलला. गंभीर गुन्ह्यांत एकमताऐवजी बारापैकी नऊ जणांचं मत शिक्षेला पुरेसं झालं, म्हणजे ज्यूरीत एकदोन काळे बसलेच तरी त्यांच्या मताने काही अडू नये. नवाचे पुढे दहा झाले, पण नियम राहिला. राज्याच्या मतदारांनी तो २०१८ मध्ये रद्द केला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. मात्र अपिलं संपलेल्या जुन्या खटल्यांना याचा फायदा नाही, असं त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं.

मतदानाचंही तसंच. १९६५ च्या कायद्याने अशा राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी सक्तीची केली. (आपल्या लोकांना अमेरिकेचं दार उघडणारा स्थलांतर कायदाही त्याच वर्षीचा, त्याच चळवळीच्या रेट्यातला, तिथल्या मराठी मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.) ही सक्ती २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकामी केली, आणि मतदार ओळखपत्र, मतदारसंघांची आखणी यांवरची भांडणं पुन्हा कोर्टात आली.

म्हणून 'पुढे जा' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की १८९८ च्या नियमाने शिक्षा झालेली माणसं लुइझियानाच्या तुरुंगांत अजून आहेत. त्यांचे खटले आधी नव्याने चालवा.