आपल्याकडे गोरे-काळे नाहीत, पण संशय दारातच ठरतो

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतले डॉक्टर गोऱ्या मुलांना झालेला मार ओळखत नाहीत आणि काळ्या मुलांच्या आईबापांवर मात्र उगाच संशय घेतात, असं वाचनात आलं. आपल्याकडे वर्णभेद नाही, मग इथे हा प्रश्न येतोच कुठे?

येतो. मी नाशिकमध्ये लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत १९ वर्षं नर्स आहे. माझ्याच हातून हे झालंय, म्हणून लिहिते.

द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची गरीब आदिवासी कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या बागांवर कामाला येतात. त्यातली एक आई वर्षाच्या मुलीला ताप आला म्हणून घेऊन आली. झबलं काढलं तर कमरेवर आणि ढुंगणावर निळसर डाग, शाई सांडावी तसे. नवीन आलेले डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, एमएलसी करावी लागेल." एमएलसी म्हणजे मारहाणीची शंका म्हणून पोलिसांना कळवायची नोंद. मी मान डोलावली. ती बिचारी सांगत होती, "जन्माचंच आहे ते, ताई." आणि मी तिला तीनदा विचारलं, नवरा दारू पितो का? मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या, डाग बोटाने दाबून पाहिले, पोर रडलीसुद्धा नाही. मंगोलियन स्पॉट. आपल्याकडे कितीतरी बाळांना जन्मतः असतो, काही वर्षांत आपोआप फिका पडतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. चांगल्या घरच्या आयांना मीच हसत सांगत आले होते की काळजी करू नका, जन्मखूण आहे.

त्याच हिवाळ्यात गंगापूर रोडवरचं एक जोडपं साडेतीन महिन्यांचं बाळ घेऊन आलं. उलट्या आणि किरकिर. दोघंही शिकलेले, नीट बोलणारे, फाईल व्यवस्थित लावलेली. मी खुर्ची पुढे केली. बाळाला लोकरीचं टोपडं होतं, हनुवटीखाली नाडी बांधलेली. थंडी होती, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. पोटाचं औषध देऊन घरी पाठवलं. आठ दिवसांनी तेच बाळ झटके येत असताना आलं. टोपडं काढलं तेव्हा कानाच्या पाळीवर पिवळट पडत चाललेला मुका मार दिसला आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव. बाळ वाचलं. कुणी केलं ते शोधणं पोलिसांचं काम. पण तो कानावरचा डाग पहिल्या दिवशी होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण मी नाडी सोडलीच नव्हती.

नंतर मॅडमनी आम्हाला अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. कॅरोल जेनी यांचा १९९९ चा अभ्यास समजावून सांगितला. मारामुळे डोक्याला इजा झालेली १७३ मुलं, त्यातल्या ५४ जणांचं निदान पहिल्या भेटीत हुकलेलं. कुणाचं जास्त हुकलं? गोऱ्या मुलांचं, आणि आईबाप एकत्र राहतात अशा घरातल्या मुलांचं. उलट्या, किरकिर म्हणजे पोट बिघडलं असेल, असं समजून परत पाठवलेली मुलं. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ते टोपडं होतं. पुढे २००२ मध्ये फिलाडेल्फियातल्या अभ्यासात उलटी बाजू दिसली: हाड मोडलेली, वर्षावरची काळी-लॅटिनो मुलं खरोखरच पडून आलेली असली, तरी त्यांच्या घरच्यांविरुद्ध मारहाणीच्या संशयाची तक्रार गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त वेळा झाली होती.

आपल्याकडे त्वचेच्या रंगाची जागा आडनाव, बोली, चपला आणि मोबाईल घेतात. ते डॉक्टर वाईट नव्हते, मीही नव्हते. थकलेल्या रात्री डोकं आधी माणसाकडे बघतं आणि मग जखमेकडे. आणि ज्या आईवर उगाच संशय घेतला, ती पुढच्या तापाला दवाखान्यात येत नाही, भगताकडे जाते. त्या मुलीची आई परत आली नाही. हे मला फार लागलं.

आता आमच्याकडे दोन वर्षांखालचं मूल कुठल्याही कारणाने आलं, तरी त्याचे सगळे कपडे काढून बघायचे, मग ते कुणाचंही असो. नीट उजेडात बघायचं, कारण सावळ्या अंगावर मुका मार लपतो. हात फिरवून दुखतं का तेही बघायचं. धड, कान, मान इथे चार वर्षांखालच्या मुलाला मुका मार असेल तर थांबून विचार करायचा. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावर कुठेही डाग दिसला तर "पाळण्यातून पडलं" एवढ्यावर भागवायचं नाही. केसपेपरवर "गरीब, अशिक्षित" किंवा "सुशिक्षित पालक" असं लिहायचं नाही. डाग कुठे, केवढा, कुठल्या रंगाचा, एवढंच.

तुम्ही डॉक्टर आहात की शेजारी, ते प्रश्नावरून कळलं नाही. शेजारी असाल आणि एखाद्या मुलाबद्दल शंका असेल, तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा, घर बंगला असो नाहीतर झोपडी. डॉक्टर असाल, तर आजच्या ड्यूटीला पहिलं बाळ येईल त्याचं टोपडं सोडा आणि कानामागे बघा.