पंचबोलला हाक द्यायची रीत

चिखलदऱ्याला पहिल्यांदाच जाताय, तर पंचबोल पॉइंट सकाळी लवकर गाठा. इथे दिलेली हाक समोरच्या डोंगरांवरून पाच वेळा परत येते, म्हणून हे नाव, असं सांगतात. दुपारी तिथे इतकी माणसं एकदम ओरडतात की कुणाचा आवाज परत आला तेच कळत नाही. वाराही सकाळी कमी असतो.

लांबलचक वाक्य ओरडू नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे समोरचा डोंगर तेवढ्या अंतरावर असेल, तर तुमची हाक दोन सेकंदांनी परत येणार, आणि तोवर तुम्ही बोलतच असलात तर सगळा काला होतो. ‘ओ’ किंवा एखादं छोटं नाव, तेही तोडून. मग गप्प राहा. डोंगर कमीजास्त लांब असल्यानं हाक एकापाठोपाठ एक परत येते. पाचही मोजता आल्या नाहीत तरी हिरमुसू नका, नाव मोठं असतं! टाळी उत्तम चालते. स्पीकर मात्र नकोच, हे मेळघाटचं जंगल आहे.

पावसाळ्यात दरी धुक्यानं भरते, काही दिसत नाही. मला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा वाटतो. कठड्याबाहेर सेल्फीसाठी जाऊ नका. गाविलगड किल्ल्याला वेगळा अर्धा दिवस ठेवा, आणि घाट चढण्याआधी परतवाड्यात पेट्रोल भरून घ्या.