आधी पत्रा, मग ब्रेक, रंग शेवटी

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : वडिलांची 1986ची पद्मिनी बारा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी लावू, नाही झाली तर धक्का मारू, सुरू होईल. करू का? (सातारा)

करू नका. बारा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरलेल्या असतात. स्टार्टरचा हिसका बसला की रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. मग जे काम तेलावर भागलं असतं ते बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करण्यावर, जातं.

चारही स्पार्क प्लग काढा. काढण्याआधी वायरींना चिकटपट्टीने नंबर घाला. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम 1-3-4-2 आहे. इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात 10 ते 15 मिली तेल सोडा. अर्धं इंजिन ऑइल आणि अर्धं डिझेल चालेल. दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि हाताने हळू फिरवून बघा. हललं नाही तर पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही. पुन्हा तेल सोडा आणि आठवडाभर थांबा. थोडं हलायला लागलं की पुढे-मागे, पुढे-मागे करत मोकळं करा.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. इंजिन फिरवताना रॉकर कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, काढून ठेवा आणि आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का ते डोळ्यांनी बघा. एखादा गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीत तो सरकतो तिच्यात, अडकलेला असेल आणि तसंच इंजिन सुरू केलंत, तर त्याला ढकलणारी पुशरॉड वाकते.

जुनं ऑइल काढताना पहिल्या धारेकडे लक्ष द्या. आधी पाणी आलं किंवा तेल दुधी दिसलं, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर, संशय घ्या. सम्प, म्हणजे इंजिनखालचा ऑइलचा तळ, उतरवा, कारण तळाशी बसलेला काळा गाळ ऑइल पंपाची जाळी बुजवतो. नवं 20W-50 घाला. प्लग न लावताच दहा-दहा सेकंद स्टार्टर मारत ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना वीज वाटणाऱ्या भागातले) पॉइंट 400 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करून गॅप 0.4 ते 0.5 मिमी ठेवा, प्लगची 0.6 मिमी.

टाकीतलं पेट्रोल अजिबात वापरू नका. ते आता वार्निश झालेलं आहे. टाकीकडून येणारा पाइप पंपापाशी सोडवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यातून लिटरभर ताजं पेट्रोल द्या. हे काम उघड्यावर करा आणि शेजारी आग विझवायचं सिलिंडर ठेवा. पहिल्यांदा मिनिटभरच चालवा, बंद करा आणि कुठे गळतंय ते बघा. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी गेटबाहेर काढू नका. ब्रेक अजून कुणी तपासलेले नाहीत.

प्रश्न : रत्नागिरीत एक पद्मिनी विकाऊ आहे. रंग नुकताच मारलाय, आरशासारखी चमकते. मालक म्हणतो, पत्रा ओरिजिनल आहे. कसं ओळखायचं? (चिपळूण)

विक्रीच्या तोंडावर मारलेला रंग हीच शंका घ्यायची पहिली जागा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे गंज लागला की प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही. समुद्राकाठच्या गाडीत तर गंज आतून बाहेर येतो आणि बाहेर फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो.

फ्रिजवर लावायचं साधं चुंबक रुमालात गुंडाळून घेऊन जा. दरवाज्यांची खालची कड, पुढच्या मडगार्डचा मागचा भाग, चाकांच्या कमानी आणि डिक्कीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, सगळीकडे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) किंवा फायबर आहे. मग गाडीखाली शिरा. दरवाज्याखालची पेटी, म्हणजे सिल, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत भुगा आहे. आतले रबरी मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला टांगलेले असतात ती. तिथला पत्रा गेला असेल तर खड्ड्यात पाटा वर घुसतो. तेवढ्या एका कारणासाठी व्यवहार मोडायला हरकत नाही.

आणखी एक खूण फुकटात मिळते. दरवाजा बंद करून चारही बाजूंची फट बघा. वर रुंद आणि खाली चिंचोळी असेल किंवा दरवाजा उचलून लावावा लागत असेल, तर बिजागरं झिजलीत किंवा बॉडी मधून बसलीय. जॅक लावून गाडी उचलल्यावर दरवाजा उघडेनासा झाला, तर बॉडी बसलीय हेच खरं.

तरीही घेतलीत, तर पत्राकाम करणाऱ्याला पुढच्या गोष्टी आधीच सांगून ठेवा. सिल कापण्याआधी गाडी सपाट जमिनीवर चार स्टँडवर घ्यायची आणि दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाके मारून बसवायचा. हा आधार न देता सिल कापली की बॉडी लवते, आणि त्याच अवस्थेत नवी सिल वेल्ड झाली की दरवाजे कायमचे वाकडे बसतात. एका वेळी एकच बाजू कापायची. सिल आणि फ्लोअरला 18 गेजचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा, म्हणजे सुमारे 1.2 मिमी, बाहेरच्या भागांना 20 गेज, 0.9 मिमी. गॅस वेल्डिंगने सपाट पत्रा तापून लाटा उठतात, म्हणून सीओटू (वायूच्या आवरणात तारेने होणारं) वेल्डिंग करणारा शोधा. तोही सलग शिवण मारणारा नको. दोन-अडीच सेंटिमीटरचा टाका मारायचा, मग लांब दुसरीकडे जाऊन पुढचा, पहिला गार होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणं म्हणजे ठिगळ. दोन पत्र्यांत पाणी राहतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात. गंज चांगला पत्रा लागेपर्यंत कापलाच पाहिजे.

जोडांवर झिंकचा प्रायमर, वरून सीम सीलर (जोड बंद करणारा लेप), आणि रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा. सिलच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका. हौशी पेंटर ती हमखास भरून टाकतात. लांबी दोन-तीन मिमीपेक्षा जाड लागत असेल, तर पत्रा नीट ठोकलेला नाही. गाडी पत्राकाम करणाऱ्याकडे परत पाठवा.

प्रश्न : ब्रेकचं पेडल पहिल्यांदा तळाला जातं, दोन-तीनदा पंप केलं की घट्ट होतं. ऑइल टाकून चालवत राहिलो तर? (नाशिक)

नका चालवू. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरला (पेडल ज्याला दाबतं त्या मुख्य सिलिंडरला) एकच सर्किट असतं. एका चाकाचा कप-वॉशर (सिलिंडरमधलं रबर) फाटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

पंप केल्यावर घट्ट होणारं पेडल दोन गोष्टी सांगतं: लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) आणि ड्रममधलं अंतर फार वाढलंय, किंवा लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत गळतंय.

चारही ड्रम उतरवा. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा. चाकांच्या सिलिंडरचे पिस्टन काढून आतली भिंत नखाने चाचपा. खड्डे लागत असतील तर नुसतं रबर किट घालून उपयोग नाही, नवं रबर महिन्याभरात कापलं जाईल. सिलिंडर बदला किंवा स्लीव्ह बसवून घ्या. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी सगळे बदला. आतून फुगलेला होज ब्रेक सोडल्यावर ऑइल परत येऊ देत नाही आणि चाक जाम होऊन तापतं. लोखंडी पाइप गंजले असतील तर तांब्याचे टाकू नका, ते कंपनाने कडक होऊन चिरतात. ड्रम लेथवर फिरवून गोल आहेत का ते बघा.

डॉट 3 ब्रेक ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलंच घ्या. अर्धा लिटर पुरेल असं वाटतं, पण लाइन धुण्यासकट एक लिटर लागतं. हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतो. लगेच पाण्याने धुवा. इंजिन ऑइलचा एक थेंबही यात जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

प्रश्न : इंजिनचं सगळं काम करून घेतलं, तरी खंबाटकी चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. रेडिएटरही धुऊन आणला. (पुणे)

रेडिएटर धुतलात, ब्लॉक धुतलात का? या 1089 सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं की ब्लॉक गंजतो आणि तो लाल गाळ सगळ्यात मागच्या सिलिंडरभोवती साठतो. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लग काढा. पाणी आलंच नाही, तर उत्तर मिळालं. तारेने खरवडा आणि पाणी उलट दिशेने सोडून स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग कूलंट घाला, तीस ते पन्नास टक्के. बाकीचं पाणी डिस्टिल्ड.

तरी तापली तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघा. बरीच वर्षं उभ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकतात. वेग वाढला तरी टायमिंग पुढे जात नाही, आणि मागे पडलेलं टायमिंग घाटात इंजिन तापवतंच. रोटर हाताने फिरवून सोडा. स्प्रिंगने चटकन परत आला पाहिजे.

शेवटी, इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट गेलंय किंवा हेड वाकलंय. हेडवर पोलादी पट्टी उभी ठेवून खालून 0.05 मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का ते बघा. जात असेल तर गॅस्केट बदलून भागणार नाही. हेड परत बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळायचे.

प्रश्न : आता पंपावर ई20च (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. जुन्या गाडीला चालेल का? (ठाणे)

इंजिनाला फारसं काही होत नाही, रबराला होतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची गॅस्केटं आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घाला. दुकानात व्हायटॉन म्हणून मागा. इथेनॉल टाकीतला जुना गंज सोडवून पुढे ढकलतं, म्हणून पहिले दोन-तीन महिने पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा आणि दर आठवड्याला बघा. ते हवेतलं पाणीही ओढतं, तेव्हा पावसाळ्यात अर्ध्या टाकीने गाडी उभी ठेवू नका. एक्सलरेटर दाबल्यावर गाडी अडखळत असेल तर मिश्रण पातळ झालंय, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल येण्याचं भोक) एक नंबर मोठा घालून बघा.

शिशाच्या पेट्रोलची आठवण काढून ॲडिटिव्ह विकणारे भेटतील. ते पेट्रोल देशभरात 2000 सालीच बंद झालं. तुमची गाडी त्यानंतरही चालली असेल तर त्या बाटलीवर पैसे घालवू नका.

प्रश्न : आरसी दिवंगत वडिलांच्या नावावर, मुदत संपलेली. गाडी 1974ची आहे. विंटेज नंबर घ्यावा का? (कोल्हापूर)

आधी नाव. वारसासाठी फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. मग फॉर्म 25 भरून पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी. ते झालं की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 2025च्या बदलानंतर 10,000 रुपये आहे. हरित कर आणि उशिराचा आकार वेगळा, तो अर्जाआधी आरटीओच्या खिडकीवर विचारून घ्या. बीएसपूर्व (भारत स्टेजच्या प्रदूषण-नियमांआधीच्या) पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत लागतो. कार्ब्युरेटर नीट लावला तर अडचण येत नाही.

विंटेज नोंदणी पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. तुम्हाला रविवारी रंकाळ्यावर चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

प्रश्न : टॅक्सीतून निघालेलं इंजिन स्वस्तात मिळतंय. घ्यावं का? सुटे भाग कुठे मिळतील? (डोंबिवली)

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे असा माल बाजारात आहे. इंजिन घेतलंत तर बिल आणि त्या गाडीची कागदपत्रं घ्या, आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवा. नाहीतर पासिंगलाच अडकाल. सीएनजीवर चाललेलं असेल तर हेड उघडून व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसची दुकानं, पुण्यात नाना पेठ. जुना भाग हातात घेऊन जा. पद्मिनीची मॉडेलं बरीच झाली, आणि नुसतं ‘फियाटचं द्या’ (पद्मिनीला लोक फियाटच म्हणतात) म्हटलंत तर दुकानदार समोर असेल ते देतो.