त्रेचाळीस सांगितलं की 34 लिहितो

"मॅडम, हा सगळं उलटंच लिहून राहिला. डिस्लेक्सिया तर नाही ना?" खुर्चीत बसायच्या आधीच आईने वही माझ्यापुढे धरली. मानेवाड्याहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, सेमी इंग्रजी. रोज संध्याकाळी आजी आकडे सांगणार, हा लिहिणार, आई तपासणार. वहीच्या एका पानाला खोडरबराने भोक पडलं होतं.

अशा वह्या मी सावकाश बघते. त्रेचाळीसला 34, सत्तावीसला 72, छप्पन्नला 65. चाळीस मात्र बरोबर. मग मी त्याला 'फॉर्टी थ्री' लिहायला सांगितलं. त्याने बेधडक 43 लिहिलं. 'फोर्टीन'ला 41! अर्धा उलगडा तिथेच झाला. पोरगा जे आधी ऐकतो तेच आधी लिहितो. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो, चाळीस मागून. 'फोर्टीन'मध्येही चार आधीच. त्यात नागपूरच्या पोरांच्या कानावर गल्लीत तैंतालीस, घरी त्रेचाळीस आणि वर्गात फॉर्टी थ्री.

एकोणचाळीसला त्याने 49 लिहिलं होतं. ही चूक वेगळी. शेवटी नऊ येतो हे त्याला पाठ, चाळीस कानाने ऐकलेलं. दोन्ही जोडून मोकळा. मी आईंना म्हटलं, "ताई, पटकन एकोणऐंशी लिहा बरं." त्यांनी 89 लिहिलं, थबकल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढी थट्टा झाली होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि या उलट्या क्रमाची अडचण समजावून सांगत होत्या. जुनी नावं जाऊ नयेत असं मलाही वाटतं. पण रोज अशा वह्या बघताना ती थट्टा आठवली की बरं वाटत नाही.

त्याला संख्या कळते का, हे बघायचं राहिलं होतं. 43 रुपये घेशील की 34? "त्रेचाळीस. नऊ जास्त आहेत ना." बोटं मोजून सांगितलं, पण सांगितलं. (बोटांवर मोजू नको असं घरी बजावलेलं होतं. ती बंदी मी तिथेच उठवली.)

दोन आठवडे वही बंद. खराट्याच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या, प्रत्येक जुडीला रबरबँड. आजीने त्रेचाळीस म्हणायचं, त्याने आधी चार जुड्या ठेवायच्या, मग तीन सुट्या काड्या, आणि त्याच क्रमाने अंक लिहायचे. एकोणचाळीसला चार जुड्या मांडून त्यातली एक काडी उपसायची. जुडी सुटते, तीनच उरतात, हे हातालाच कळतं. रविवारी संत्र्याचं दुकान: दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी, दहा नाणी जमली की नोट घ्यायचीच. आणि आकड्याची शेपटी, म्हणजे नावाच्या शेवटी ऐकू येणारा दहाचा भाग, पकडायची. यात खरी मेहनत आहे, कारण शेपटी रंग बदलते. पन्नासचं त्रेपन्न होतं, सत्तावन्न होतं, साठचं त्रेसष्ट, सत्तरचं त्र्याहत्तर.

बाबांना हे पोरखेळ वाटले. "आम्ही तीसपर्यंत पाढे म्हणत होतो." म्हणा ना, पण जेवण झाल्यावर, गंमत म्हणून.

तपासणीबद्दल आईंनी पुन्हा विचारलंच. सातव्या वर्षी आकडे उलटणं एवढ्यावरून मी कुणाला पाठवत नाही. सात आणि चारात मोठा कोणता हे अडतं, आठ-दहा वस्तू मोजताना दरवेळी गोंधळ होतो, वाचनही मागे आहे, आणि काही महिने नीट शिकवूनही फरक नाही, असं असेल तर मात्र थांबू नये.

दिवाळीनंतर तिघं आले, आजीही. उलटं लिहिणं पूर्ण गेलं नव्हतं. घाईत अजून सत्तावीसचं 72 व्हायचं, पण आता तो स्वतःच थांबून खोडत होता. मी एकोणसत्तर सांगितलं. "सत्तरला एक कमी," असं पुटपुटत त्याने 69 लिहिलं. मग नव्व्याण्णव. तेही बरोबर. पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, मग याला एकोणशंभर काहून नाही म्हणत?"

मी आजींकडे पाहिलं. आजींनी माझ्याकडे.