केए पासिंगची गाडी ९५ हजारांनी स्वस्त, पण रोड टॅक्स कोण भरणार?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. छोटी पेट्रोल एसयूव्ही जुनी घ्यायची आहे. दोन गाड्या पसंत पडल्या. मॉडेल, व्हेरिएंट आणि वर्ष (२०२०) एकच. पहिली एमएच-१२, थेट मालकाकडून, ६.८५ लाखांना. दुसरी कर्नाटक पासिंग, ५.९० लाखांना. तिचे मालक दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूहून वाकडला आले, एनओसी (कर्नाटक आरटीओचा ना-हरकत दाखला) त्यांनी काढून ठेवली आहे. मधला एजंट म्हणतो, ‘टॅक्स ३५ हजारांत बसवतो, तोवर वर्षभर केए नंबरवर बिनधास्त फिरा.’ नवी असताना गाडीची एक्स-शोरूम किंमत ९.६० लाख होती. बँक १३ टक्क्यांनी चार वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे. हातात सव्वादोन लाख आहेत, त्यापलीकडच्या आपत्कालीन ठेवीला हात लावायचा नाही. कोणती घेऊ?

उत्तर : ५.९० लाखांना केए गाडी घेऊ नका. तीच गाडी वेगळ्या भावात किंवा वेगळ्या क्रमाने मिळाली तर विचार करता येईल, तो भाव पुढे काढून दिला आहे.

आधी एजंटच्या ३५ हजारांचं बघू. महाराष्ट्रात खासगी गाडीवर एकरकमी कर लागतो. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला त्याचा दर ११ टक्के आहे, डिझेलला १३. बाहेरच्या राज्यातली गाडी इथे नोंदवताना हा कर पुन्हा भरावा लागतो, आणि तो गाडीच्या मूळ किमतीवर मोजतात. तुम्ही ती ५.९० ला घेतली की ४ ला, आरटीओला त्याच्याशी घेणंदेणं नाही. तुमच्या गाडीचा पूर्ण कर होतो १,०५,६०० रुपये. गाडी जुनी असल्याने वयानुसार त्यात सूट मिळते. ही सूट कायद्याच्या तक्त्याप्रमाणे ठरते आणि नेमका आकडा आरटीओच काढून देतो. आपण अंदाजापुरतं १५ वर्षांचं आयुष्य धरून पाच वर्षं वजा केली, तर दोन तृतीयांश म्हणजे ७०,४०० रुपये राहतात. यात ३५ हजार कुठूनच येत नाहीत. ते आणायचे तर मूळ किंमत कमी दाखवावी लागेल किंवा गाडीचं वय वाढवावं लागेल. दोन्ही गोष्टी कागदावर राहतात आणि त्या कागदाखाली सही तुमची असते. एजंटला एवढंच सांगा, ‘कराची पावती गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसली पाहिजे, मग पैसे.’ पुढचं बोलणं बहुतेक तिथेच थांबेल.

‘वर्षभर बिनधास्त’ हेही अर्धवट सांगितलं जातं. मोटार वाहन कायद्यात गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, हे खरं आहे. पण ही मुदत गाडी घेऊन बदलून आलेल्या मालकासाठी आहे. तुम्ही गाडी विकत घेतली की वेगळं कलम लागू होतं, आणि त्यात खरेदीदाराने ३० दिवसांत मालकी बदलाचा अर्ज करायचा असतो. शिवाय तुमच्या विक्रेत्याला इथे येऊन दोन वर्षं झाली. म्हणजे त्यांचे १२ महिने केव्हाच उलटले आहेत. महाराष्ट्राचा कर त्यांनीच भरायला हवा होता. आता नोंदणीला गेल्यावर उशिराचं व्याज किंवा दंड निघाला, तर तो गाडीवर निघेल आणि तो भरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. या बोज्याचा उल्लेख तुमच्या व्यवहारात कुठेच नाही.

आता दोन्ही गाड्या शेजारी ठेवून हिशेब करू. एमएच गाडीचा कर एकदा भरलेला आहे आणि तो गाडीबरोबर येतो. मालकी बदलाची सरकारी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्ड २०० रुपये. एजंट लावलात तर त्याचे ३ हजार धरा. विम्याचे ५ हजार धरा, कारण जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही आणि तेवढा फरक कंपनी तुमच्याकडून घेते. एकूण खर्च ८,५०० रुपये. केए गाडीला विम्याचे तेच ५ हजार. नवीन नंबरची फी ६००, मालकी बदल आणि कार्डाचे ५००, नव्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाट्यांचे हजारभर. दोन राज्यांचं काम म्हणून एजंटचे १० हजार. कर सोडून झाले १७,१०० रुपये. कर ७०,४०० धरला तर एकूण ८७,५००, आणि पूर्ण कर बसला तर १,२२,७००.

म्हणजे किमतीतल्या ९५ हजारांच्या फरकातून ७०,४०० कराच्या अंदाजाने तुमच्याकडे जेमतेम १६ हजार उरतात. पूर्ण कर लागला तर उलट १९ हजारांचा खड्डा. त्यात पुनर्विक्री धरलेलीच नाही. इथला नंबर मिळाला तरी गाडीचा बाहेरच्या राज्यातला इतिहास पुढच्या गिऱ्हाइकाला दिसतो आणि तो त्यासाठी घासाघीस करतो. मी याचे २५ हजार धरतो. पुण्यात जुन्या गाडीला पहिला प्रश्न ‘पासिंग कुठलं?’ हाच असतो, तेव्हा हा आकडा फुगवलेला नाही.

विक्रेत्याला कर्नाटककडून परतावा मिळेल की नाही, हा यातला सगळ्यात रसाळ भाग, आणि त्याची चर्चा नेमकी कुणी करत नाही. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के आहे आणि वर सेस (उपकर). म्हणजे ९.६० लाखांच्या गाडीला सेस सोडून १,३४,४०० रुपये. गाडी राज्याबाहेर कायमची गेली, दुसऱ्या राज्यात नोंदणी झाली आणि तिथला कर भरला, की उरलेल्या काळाचा काही भाग परत मागता येतो. त्यासाठी मूळ आरटीओत अर्ज करायचा आणि नवी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) व कर भरल्याची पावती जोडायची. पण हा पैसा तिथे ज्यांच्या नावावर नोंद होती त्यांच्या खात्यात जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे महाराष्ट्राचा कर तुम्ही भरायचा आणि त्या पावतीच्या जोरावर परतावा त्यांनी घ्यायचा. विक्रेता चांगला माणूस असेल, पण त्याला हे माहीत असेल तर ५.९० ही त्याच्यासाठी ५.९० पेक्षा बरीच जास्त किंमत आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की क्रम उलटा करा. मालकांनी आधी स्वतःच्या नावावर गाडी महाराष्ट्रात आणावी, इथला कर आणि असेल ते व्याज भरावं, कर्नाटकचा परतावा स्वतः घ्यावा आणि मग एमएच नंबरची गाडी तुम्हाला विकावी. एनओसी त्यांच्याकडे आहे, राहतात वाकडला, कर्ज फिटलेलं असेल तर त्यांना अडचण नाही. अशी गाडी ६.६० लाखांपर्यंत घ्यायला हरकत नाही. शुद्ध एमएच गाडीपेक्षा २५ हजार कमी, ते पुनर्विक्रीचे. मालक दोनतीन आठवड्यांच्या कटकटीला नाही म्हणाले, तर तीच कटकट तुम्ही का विकत घ्यायची, हे त्यांनाच विचारा.

त्यांना आत्ताच विकायची असेल तर भाव वेगळा. ६.६० मधून पूर्ण कर १,०५,६०० आणि दोन गाड्यांच्या इतर खर्चातला फरक ८,६०० वजा करा. राहतात ५,४५,८००. कराचा आकडा आरटीओकडून लेखी येईपर्यंत ५.४५ च्या वर जाऊ नका. आकडा कमी आला तर जितका कमी तितका भाव वाढवा. अगदी ७०,४०० आला तरी तुमची मर्यादा ५.८१ आहे, ५.९० नाही. आणि व्याज निघालं तर ते विक्रेत्याचं, असं करारात लिहून घ्या.

कागदांकडे वळू. त्यांची एनओसी कुठल्या आरटीओच्या नावे आहे ते आधी वाचा. वाकड पिंपरी-चिंचवड आरटीओत येतं, म्हणजे एमएच-१४. स्वतःसाठी काढलेली एनओसी बहुतेक तिथलीच असेल. तुम्ही कोथरूडचे, तुमचं काम संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत, एमएच-१२. चुकीच्या आरटीओची एनओसी इथे चालत नाही, ती बेंगळुरूला परत पाठवून बदलून आणावी लागते आणि त्यात महिना जातो. तारीखही बघा, जुनी झालेली एनओसी नव्याने मागतात. मालकांनी आधी स्वतःच्या नावावर नोंदवायची ठरवली, तर मात्र हीच एनओसी त्यांना चालेल. पुढच्या मालकी बदलाला गाडी महाराष्ट्राचीच असेल आणि भानगड बरीच कमी होईल.

तुमच्याच नावावर थेट यायची असेल तर मालकी बदलासाठी फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३० वर त्यांची सही, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, पत्त्यासाठी ३३. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. तो गाडीवर कागद ठेवून स्वतः घासून घ्या, एजंटने आणून दिलेला चिकटवू नका. आकडे पुसट आले तर तपासणीच्या दिवशी परत पाठवतात, आणि घासताना आरसीवरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का हेही कळतं. मूळ खरेदीचं इन्व्हॉइस मागा, कारण कर त्याच किमतीवर मोजला जातो. हरवलं असेल तर ज्या शोरूमने विकली तिथून नक्कल काढून द्यायची जबाबदारी विक्रेत्याची. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, आणि बँकेच्या पत्रालाही मुदत असते. थकलेली ई-चलानं दोन्ही राज्यांची बघा. गाडी ‘ब्लॅकलिस्ट’ दाखवत असेल तर बाकी सगळं जमूनही काम अडतं.

पैसे कसे द्यायचे? टोकन १० हजारांच्या वर नको. इथला कर भरून नवा नंबर मिळेपर्यंत एक लाख रोखून धरा आणि तसं करारात लिहा. गाडीचा ताबा, तारीख आणि वेळ लिहून घ्या, कारण नंबर त्यांच्या नावावर असताना काही घडलं तर पहिली नोटीस त्यांना जाते. म्हणूनच शहाणा विक्रेता या अटींना विरोध करत नाही.

तुमच्या हातातल्या सव्वादोन लाखांचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या गाडीचं कर्ज बँक गाडीच्या मूल्यांकनावर देते. रोड टॅक्स, नंबर, एजंट, विमा यासाठी ती कर्ज देत नाही, ते रोख लागतं. केए गाडीला ४.५० लाखांचं कर्ज धरलं तर १.४० लाख गाडीचे आणि ८७,५०० बाकीचे, म्हणजे २,२७,५००. ७०,४०० कराच्या अंदाजातच तुमची मर्यादा ओलांडली. पूर्ण कर बसला तर ठेव मोडायलाच लागेल. एमएच गाडीला ४.९० लाखांचं कर्ज घेतलंत तर हातचे १.९५ लाख आणि खर्चाचे ८,५००, एकूण २,०३,५०० लागतात. २१,५०० उरतात, टायर किंवा पहिल्या सर्व्हिसला. वाढीव ४० हजार कर्जावर चार वर्षांत साधारण ११,५०० रुपये व्याज जाईल. ते मी मान्य करतो. ठेव शाबूत ठेवायची किंमत म्हणून ते ठीक आहे.

जाता जाता, शोधात आणखी गाड्या दिसतील म्हणून. बीएच (भारत सीरिज, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणाऱ्या) नंबरची गाडी पुण्यात आयटीतल्या लोकांमुळे बरीच येते. तिचा कर बहुधा एका वेळी दोन वर्षांचाच भरलेला असतो, म्हणून ‘टॅक्स भरलेला आहे’ यावर न थांबता कुठल्या तारखेपर्यंत ते विचारा. तुम्ही बीएचसाठी पात्र नसाल तर तुम्हाला साधा नंबर घेऊन उरलेला कर भरावा लागेल. पिवळ्या पाटीची (टॅक्सीची) गाडी पांढऱ्या पाटीची म्हणजे खासगी करून देतो म्हणणाऱ्याच्या भावातही हाच कर लपलेला असतो. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेऊन खर्च दाखवायचा विचार कुणी सुचवला, तर कंपनीच्या गाडीला महाराष्ट्रात २० टक्के कर आहे, तो फरक भरायला लागेल का हे आधी सीएला विचारा.

या आठवड्यात दोनच कामं करा. केए गाडीच्या मालकांना फोन करून एनओसीवर कुठल्या आरटीओचं नाव आहे ते विचारा आणि इथला नंबर आधी घ्याल का हेही. ते नाही म्हणाले, तर एमएच-१२ च्या मालकाला ६.७० सांगून बघा. केए गाड्यांचा भाव त्यांनाही माहीत असेल.