ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या विरळ वस्तीच्या भागात, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणं कसं असतं? भारतातला ट्रेलरचा अनुभव चालतो का?

अनुभव उपयोगी पडतो, पण आपल्या हेवी लायसन्सवर तिथली 'रोड ट्रेन' कोणी हातात देत नाही. त्यासाठी मल्टी कॉम्बिनेशन लायसन्स लागतं, आणि त्याआधी तिथलंच खालच्या वर्गाचं हेवी लायसन्स किमान वर्षभर जवळ असावं लागतं.

रोड ट्रेन म्हणजे एका इंजिनामागे तीन-तीन ट्रेलर, लांबी 53.5 मीटरपर्यंत, वजन 100 टनांच्या वर. अशी गाडी जागच्या जागी थांबत नाही, त्यामुळे संध्याकाळी कांगारू आडवा आला तर स्टिअरिंग फिरवायचं नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण फिरवलं की मागचा ट्रेलर कलंडलाच म्हणून समजा. पुढचा जाडजूड बुलबार, म्हणजे धातूचा गार्ड, त्याचसाठी असतो.

पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे साधारण 2,700 किमी. त्यात ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या जवळपास 250 किमीत एकही पंप नाही. आपल्यासारखा दर दोन मैलांवर ढाबा आणि पंक्चरवाला विसरा. टायर फुटला तर चाळीस डिग्रीत स्वतःच बदलायचा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. समोरून येणाऱ्या गाड्यांशी यूएचएफ रेडिओच्या (गाडीतल्या वॉकी-टॉकीसारख्या सेटच्या) चॅनल 40 वर बोलायचं, पुढे रस्त्यावर गुरं आहेत की पाणी, ते तिथेच कळतं.

पगार चांगला असतो, पण माझ्या मते खरा प्रश्न एकटेपणाचा आहे. क्लीनर सोबत नसतो. गप्पांशिवाय ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याने या फंदात पडू नये.